इंग्रजी येते, पण पासपोर्ट भारतीय आहे

'इंग्रजी बोलता येते का? थायलंड, व्हिएतनाम, कोरियात शिक्षक व्हा. अनुभवाची गरज नाही. राहणे-खाणे मोफत.' अशा आशयाच्या जाहिराती सध्या आपल्या तरुणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत आहेत. पारोळा, एरंडोल, अमळनेर या भागातले बी.ए., एम.ए., बी.एड. झालेले बौद्ध तरुण-तरुणी त्या एकमेकांना पाठवतात आणि खाली एकच प्रश्न असतो : हे खरे आहे का? काहीजण तोच प्रश्न आम्हालाही विचारतात. त्याचे 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देता येत नाही. परदेशात इंग्रजी शिकवण्याचे काम आहे, जगभर हजारो लोक त्यावर पोट भरतात. पण भारतीय माणसासाठी त्यातली काही दारे नियमानेच बंद आहेत, काही अर्धवट उघडी आहेत, आणि काही दारांच्या मागे शाळाच नाही.

आधी हा प्रश्न आपल्याकडे एवढा तीव्र का झाला ते पाहू. पारोळा हे धुळे-जळगाव महामार्गावरचे तालुक्याचे गाव. भुईकोट किल्ला आहे, बाजार आहे, आजूबाजूला कपाशी आहे. रेल्वे गाठायची तर अमळनेरला जायचे. इथल्या बौद्ध कुटुंबांतली पहिली शिकलेली पिढी मास्तर झाली, तलाठी झाली, एस.टी.त लागली. त्यांनी मुलांना डी.एड., बी.एड. केले, कारण शिक्षकाची नोकरी हीच डोळ्यासमोर दिसलेली पायरी होती. ती पायरी नंतर काढून घेतली गेली. राज्यात शिक्षक भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी पहिल्यांदा डिसेंबर २०१७मध्ये झाली. दुसरी थेट २०२३च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. तिसरी २०२५मध्ये. पहिल्या आणि दुसऱ्या चाचणीतल्या पाच वर्षांत किती जणांची वयोमर्यादा निघून गेली असेल, याचा हिशेब ज्याच्या त्याच्या घरी आहे. निवड झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक. त्याचे मानधन जानेवारी २०२३पासून वाढले, म्हणजे प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार झाले. त्याआधी प्राथमिकला ६ हजार होते. खासगी संस्थेत जागा हवी तर 'डोनेशन' किती, हे आम्ही सांगायची गरज नाही.

दुसरी गोष्ट, ज्या पिढीच्या मोबाइलवर या जाहिराती येत आहेत, ती महाराष्ट्रात २०००पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले तेव्हाची पिढी आहे. घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि तिसरी इंग्रजी. यातल्या अनेकांचे इंग्रजी पुस्तकी असले तरी पक्के आहे. व्याकरण कुठे अडते, उच्चार कुठे फसतो, हे त्यांना माहीत आहे, कारण ते स्वतः तिथे अडले आहेत. चांगल्या शिक्षकाला लागणारी ही पहिली शिदोरी त्यांच्याकडे आहे. जगाच्या बाजारात तिला किंमत किती?

दक्षिण कोरियाचे उदाहरण घेऊ. तिथे परदेशी भाषा शिक्षकासाठी 'ई-२' नावाचा व्हिसा आहे. इंग्रजीसाठी तो सात देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. फिलिपिन्समध्ये इंग्रजी ही अधिकृत भाषा आहे, तरी त्याचे नाव यादीत नाही. भारत अर्थातच नाही. चीनमध्येही परदेशी भाषा शिक्षकाने शक्यतो आपल्या मातृभाषेचेच अध्यापन करावे, असा नियम आहे. जपानच्या जेट या सरकारी योजनेत १९८७पासून परदेशी तरुण शाळांमध्ये सहायक शिक्षक म्हणून येतात, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा अमेरिकनांचा असतो. खासगी जाहिरातींत तर 'नेटिव्ह स्पीकर ओन्ली' असे सरळ लिहिलेले असते. अनेक ठिकाणी अर्जासोबत फोटो मागतात. तो कशासाठी मागतात, ते कळायला फार विचार करावा लागत नाही.

म्हणजे पात्रता कशावरून ठरते? काय येते यावरून नाही, कुठे जन्मला यावरून. आपल्या समाजाला हे तर्कशास्त्र नवे नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या चाळीसगावची घटना आठवा. १९२९ साली बाबासाहेब सरकारी समितीचे सदस्य म्हणून धुळ्याला आले होते. परतताना चाळीसगावच्या लोकांच्या आग्रहाखातर तिथे उतरले. महाराला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, पण टांगेवाला नाही. ज्याने कधी टांगा हाकला नव्हता त्याने तो हाकला, पुलावर चाक अडकून बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या, बॅरिस्टरी, सरकारी समितीचे सदस्यत्व यांपैकी टांगेवाल्याच्या हिशेबी काहीच नव्हते. ज्या आत्मकथनात बाबासाहेबांनी हे लिहिले त्याचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आहे. ते नाव आज आपला बी.एड. झालेला मुलगा वाचतो तेव्हा त्याला आणखी एक अर्थ दिसतो.

ही तुलना मात्र आम्ही फार ताणणार नाही. जात बदलत नाही, नागरिकत्व बदलते. ब्रिटनमध्ये वाढलेल्या आंबेडकरी कुटुंबातल्या मुलीला कोरियाचा तोच व्हिसा मिळू शकतो. आणि दुसऱ्या देशाने आपल्याला व्हिसा न देणे हा अस्पृश्यतेसारखा अन्याय नव्हे, प्रत्येक देश आपले नियम करतो. पण 'जन्माने भाषिक तोच उत्तम शिक्षक' हे त्यामागचे गृहीतक तपासायला हवे. भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२च्या आपल्या पुस्तकात त्याची उलटतपासणी केली आहे. १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे इथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजी अध्यापनावर परिषद झाली. तिथून जे समज जगभर रुजले, त्यांतला हा एक भ्रम, असे त्यांचे म्हणणे. आपल्याच देशाचे ब्रज काचरू यांनी इंग्रजीची तीन वर्तुळे मांडली : जिथे ती जन्मभाषा आहे, जिथे ती राज्यकारभारातून रुजली, आणि जिथे ती आता परकी भाषा म्हणून शिकली जाते. भारत दुसऱ्या वर्तुळात आहे आणि तिसऱ्या वर्तुळाला शिक्षक हवे आहेत. ते पुरवायची मक्तेदारी पहिल्या वर्तुळाकडे का असावी, हा साधा प्रश्न आहे. भाषेवर जन्मसिद्ध मालकी सांगणाऱ्यांशी आपली परंपरा फार जुनी भांडलेली आहे. ब्राह्मण कुळातल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदस् भाषेत बांधावे असा आग्रह धरला, तेव्हा तथागतांनी तो नाकारला, हे विनयपिटकात आहे.

असो. प्रश्न बरोबर असला म्हणून व्हिसा मिळत नाही. आता उघडी दारे पाहू.

कोरियाचेच दार एका फटीएवढे उघडे आहे, आणि ते आपल्या तरुणांना जवळजवळ ठाऊक नाही. भारत आणि कोरिया यांच्यात ऑगस्ट २००९मध्ये व्यापक आर्थिक भागीदारी करार झाला, तो १ जानेवारी २०१०पासून लागू आहे. त्यात वस्तूंच्या व्यापाराबरोबर माणसांच्या सेवांचेही कलम आहे. त्यानुसार इंग्रजीची पदवी आणि शिक्षक म्हणून पात्रता असलेला भारतीय नागरिक कोरियातल्या शाळांमध्ये सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून जाऊ शकतो. तिथल्या सरकारी शाळांसाठी परदेशी शिक्षक नेमणाऱ्या 'एपिक' योजनेच्या पात्रतेतही भारताचा हा अपवाद नोंदलेला आहे. अडचण अशी की ते 'टीचर्स लायसन्स' मागतात आणि आपल्याकडे त्या नावाचा वेगळा कागद नसतो. आपल्याकडे बी.एड.चे प्रमाणपत्र असते, फार तर टीईटीचे. ते चालेल का, हे अर्ज करण्याआधी त्या कार्यालयाला ईमेल करून लेखी विचारून घ्यावे. इंग्रजी विषय घेऊन बी.ए. आणि त्यावर बी.एड. हा पारोळा-अमळनेरकडे अगदी नेहमीचा मार्ग आहे. त्यांच्यासाठी ही फट बघण्यासारखी आहे. करार मात्र शाळांपुरता आहे. 'खासगी क्लासमध्ये लावतो' असे कोणी याच कराराचे नाव घेऊन सांगत असेल तर तो थापा मारतो आहे.

थायलंडचे दार जास्त मोठे आहे. तिथे भारतीय आणि फिलिपिनो शिक्षक पुष्कळ आहेत. पदवी लागते. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांकडून टोइकसारख्या परीक्षेचे गुण मागतात, टोइकमध्ये साधारण ६०० तरी हवेत. शाळेत शिकवायचे तर तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती सूट लागते, आणि ती शाळेमार्फत मिळते. व्हिसा 'नॉन-इमिग्रंट बी' हवा आणि वर्क परमिट वेगळे. एकाच शाळेत एकाच कामासाठी 'नेटिव्ह' आणि 'नॉन-नेटिव्ह' यांचा पगार वेगळा असतो, हेही आधीच माहीत असलेले बरे. व्हिएतनाममध्येही पदवी आणि अध्यापनाचे प्रमाणपत्र यांवर काम मिळू शकते.

इथे थोडे थांबून एक गोष्ट बोलायला हवी. थायलंड, कोरिया, व्हिएतनाम, जपान ही नावे घेतली की आपल्या तरुणांच्या मनात वेगळीच ओढ निर्माण होते. आपल्या अनेक विहारांत थायलंडहून आलेल्या बुद्धमूर्ती आहेत. बाबासाहेब १९५०मध्ये कोलंबोला, १९५४मध्ये रंगूनला आणि १९५६मध्ये काठमांडूला बौद्ध परिषदांना गेले, ते बौद्ध जगाशी नाते जोडायलाच. हे नाते खरे आहे आणि जपायला हवे. पण बँकॉकच्या शाळेचा मुख्याध्यापक तुमच्याकडे धम्मबंधू म्हणून नाही, उमेदवार म्हणून पाहणार. त्याला दीक्षाभूमी माहीत असेलच असे नाही. काही वेळा तो तुमच्या रंगाकडेही पाहील. बौद्ध देश म्हणजे आपोआप समतेचा देश, असे गृहीत धरून निघालेला तरुण पहिल्या महिन्यातच दुखावला जातो. आणि 'बौद्ध देशात, बौद्ध मालकाकडे नोकरी' असे म्हणून पैसे मागणारा एजंट आपल्या याच ओढीवर धंदा करत असतो.

काही दारे अलीकडेच बंद झाली. चीनमधल्या मुलांना घरी बसून ऑनलाइन इंग्रजी शिकवण्याचा मोठा धंदा जुलै २०२१मध्ये तिथल्या सरकारच्या नव्या शिकवणी धोरणाने जवळपास मोडून काढला. आजही 'चिनी मुलांना घरबसल्या शिकवा' म्हणणाऱ्या जाहिराती दिसतात, त्यांच्याकडे संशयानेच पाहावे.

जिथे आपल्या बी.एड.ला सरळ किंमत आहे ती जागा वेगळीच आहे : आखाती देशांतल्या सीबीएसई शाळा आणि मालदीवच्या शाळा. मालदीवमध्ये कित्येक वर्षे भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने आहेत. हे 'परकी भाषा म्हणून इंग्रजी' नव्हे, साधे इंग्रजी विषय शिकवणे आहे, पण पगार आणि व्हिसा खरे आहेत. तिथे केरळची माणसे भरलेली दिसतात, याचे कारण त्यांचे इंग्रजी आपल्यापेक्षा दैवी आहे असे नाही. केरळ सरकारने १९७७ साली 'ओडेपेक' ही परदेशी भरतीची सरकारी कंपनीच काढली. पुढे परदेशस्थ केरळीयांसाठी स्वतंत्र खाते केले. मुलगा किंवा मुलगी जाते तेव्हा तिच्यामागे सरकारी कागद असतो आणि पुढे गावातले कोणीतरी आधीच पोहोचलेले असते. आपल्या मुलामागे काय असते? व्हॉट्सॲपवरचा एक नंबर.

तो नंबर कुठे घेऊन जातो, हे २०२५च्या मार्चमध्ये देशाने पाहिले. थायलंडच्या माए सोत इथून भारतीय हवाई दलाच्या दोन विमानांनी एकूण ५४९ भारतीयांना परत आणले. हे लोक म्यानमारच्या म्यावडी भागातल्या सायबर गुन्हेगारीच्या अड्ड्यांत अडकले होते. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२मध्येच अशा खोट्या नोकऱ्यांबद्दल इशारा दिला होता. पद्धत ठरलेली आहे. थायलंडमध्ये चांगली नोकरी म्हणून सांगायचे, बँकॉकला उतरवायचे, गाडीत घालून सीमेवर न्यायचे आणि मोएई नदी ओलांडून म्यानमारमध्ये कोंडायचे. पासपोर्ट काढून घेतात. मग परदेशातल्या लोकांना इंटरनेटवरून फसवण्याचे काम, नाही केले तर मारहाण. या टोळ्यांना इंग्रजी लिहिता-बोलता येणारी मुलेच हवी असतात. म्हणजे ज्या कौशल्यावर आपण शिक्षक व्हायला निघतो, त्याच कौशल्याची तिथे शिकार होते. २०२३च्या अखेरीपासून भारतीय पर्यटकांना थायलंडमध्ये व्हिसाशिवाय जाता येऊ लागले, त्यामुळे एजंटाचे काम आणखी सोपे झाले : व्हिसाच्या खिडकीवर 'कशाला चाललास?' असे विचारणारे कोणी उरले नाही.

तथागतांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत माणसांचा व्यापार आहे. हा एजंट तोच व्यापार करतो. पुष्कळदा तो आपल्याच ओळखीतला, आपल्याच समाजातला असतो, 'जय भीम' म्हणून बोलायला सुरुवात करतो. कार्यकर्त्यांनी अशा माणसाला व्यासपीठावर बसवू नये, त्याच्या वर्गणीवर जयंतीचा मंडप घालू नये, एवढे तर आपल्या हातात आहे.

खरे-खोटे ओळखायला फार हुशारी लागत नाही. १९८३च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट केंद्र सरकारकडे नोंदणीकृत असावा लागतो. त्याचा क्रमांक 'ई-मायग्रेट' पोर्टलवर घरबसल्या तपासता येतो. तो उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. दोन लाख, तीन लाख मागणारा माणूस तिथेच संपला. 'टुरिस्ट म्हणून चला, व्हिसा तिकडे बदलू' म्हणणाराही तिथेच संपला. आणि आम्हाला सर्वांत पटणारी खूण ही : ज्या शाळेला खरोखर शिक्षक हवा आहे ती तुमचा तास पाहिल्याशिवाय नेमणूक करत नाही. व्हिडिओवर का होईना, दहा मिनिटे शिकवून दाखवा असे म्हणते. ज्यांनी तुमचे इंग्रजीही नीट ऐकले नाही आणि नेमणूकपत्र पाठवले, त्यांना शिक्षक नको आहे.

प्रमाणपत्रांचाही बाजार आहे. '१२० तासांचा टेफल' दोन-तीन हजारांत ऑनलाइन मिळतो. त्यात एकाही खऱ्या विद्यार्थ्यासमोर उभे राहावे लागत नाही. जगात मान असलेला केंब्रिजचा सेल्टा किंवा ट्रिनिटीचा अभ्यासक्रम वेगळा आहे. सेल्टात किमान १२० तासांचे प्रशिक्षण असते आणि त्यात सहा तास खऱ्या वर्गाला शिकवून दाखवावे लागते, परीक्षक मागे बसून टिपणे काढतो. त्याचा खर्च लाखाच्या पुढे जातो. कपाशीच्या भावावर चालणाऱ्या घराला हा आकडा ऐकूनच घाम फुटतो.

इथे सरकारचा प्रश्न येतो. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून दरवर्षी अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातील ७५ विद्यार्थी परदेशी शिकायला जातात. ती योजना हवीच, तिच्या जागा वाढायला हव्यात. पण तिथे पोहोचतो तो जगातल्या नावाजलेल्या विद्यापीठात प्रवेश मिळवणारा विद्यार्थी. पारोळ्याच्या बी.एड.वाल्याचा तिच्याशी संबंध येत नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला आणि सुरुवातीला १० हजार कुशल कामगार पाठवायचे ठरवले : परिचारिका, चालक, वीजतंत्री. भाषा शिकवण्याचा खर्चही सरकारचा. म्हणजे परदेशी कामासाठी तरुणांना तयार करणे हे सरकारचे काम आहे, हे तत्त्व मान्य झाले आहे. मग आमची मागणी सरळ आहे. बार्टीने सेल्टासारख्या अभ्यासक्रमाचे आणि टोइक, आयईएलटीएस परीक्षांचे शुल्क भरावे. कोरियाच्या करारातली वाट वापरण्यासाठी 'बी.एड. हीच आमची शिक्षक पात्रता' असे दोन ओळींचे अधिकृत पत्र शिक्षण विभागाने द्यावे. दुसऱ्या मागणीला तर पैसाही लागत नाही.

चळवळीतल्या काही ज्येष्ठांचे म्हणणे आम्हाला माहीत आहे : शिकलेली मुले बाहेर गेली तर गावातल्या वस्तीकडे कोण पाहणार? प्रश्न खोटा नाही. पण तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत धावणारा आणि संध्याकाळी मोबाइलच्या दुकानात बसणारा पदवीधर वस्तीकडे किती पाहू शकतो? शिवाय तयारी करताना त्याला शिकवण्याचा सराव लागतोच. विहारात आठवड्यातून तीन संध्याकाळी पाचवी ते दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवा, मराठी न वापरता दहा मिनिटे तास चालवून पाहा, त्याचा व्हिडिओ काढा. मुलांचे इंग्रजी सुधारेल आणि अर्जाला जोडायला खरा तास मिळेल. मुलींच्या पालकांनाही आपली मुलगी वर्गात कशी उभी राहते ते दिसेल, मग परदेशाचा विषय घरात काढणे थोडे सोपे जाते.

दर ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर धुळे-जळगावचे हजारो लोक बाबासाहेबांच्या आठवणीसाठी जमतात. पुस्तकांचे स्टॉल लागतात. त्यांच्या शेजारी एक टेबल या कामासाठी लावता येईल : ई-मायग्रेटवर एजंट तपासून देणारा एकजण, कागदपत्रे सांगणारा एकजण, आणि आखातात किंवा थायलंडमध्ये शिकवून आलेले कोणी असेल तर तेही.

कागदपत्रांचे तेवढे आत्ताच सांगून ठेवतो, कारण वेळ तिथेच जातो. पासपोर्टवरचे नाव, पदवीवरचे नाव आणि दहावीच्या सनदेवरचे नाव एकच हवे. आडनाव बदललेल्या घरांत इथेच घोळ होतो, त्याचे राजपत्र आधी काढून घ्यावे. पदवीचे मूळ प्रमाणपत्र अनेकांनी विद्यापीठातून घेतलेलेच नसते, नुसत्या गुणपत्रिकेवर भागवलेले असते. ते जळगावहून मिळवायचे, मग राज्य सरकारकडून साक्षांकन आणि शेवटी परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल. अपोस्टिलचे सरकारी शुल्क कागदामागे ५० रुपये आहे, बाकी जे मागतात ते मधल्या माणसाचे. पोलीस पडताळणीचा दाखला मात्र सर्वांत शेवटी काढावा, कारण तो ताजा लागतो. 'एपिक'ची भरती वर्षातून दोनदा होते, एक वसंतातल्या सत्रासाठी आणि एक ऑगस्टच्या. ज्यांना कोरियाचे पाहायचे आहे त्यांनी पुढच्या सत्राच्या निदान सहा महिने आधी विद्यापीठात पदवी प्रमाणपत्राचा अर्ज टाकलेला असावा.